लढाऊ विमानाचा जुना पार्ट कुठं मिळतो?



सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत मळणी यंत्राचं बेअरिंग गेलं की काय होतं, हे आपल्या लातूर-नांदेडकडच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. मजूर बसून राहतात, आभाळ भरून आलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी ते जुनं बेअरिंग फडक्यात गुंडाळून तालुक्याला पळतं. दुकानदार ते हातात घेतो, फिरवून बघतो आणि म्हणतो, "हे मॉडेल बंद झालं आता." मग शोधाशोध सुरू. दुसरं दुकान, भंगारवाला, एखाद्या ओळखीच्याकडं पडलेलं जुनं यंत्र, नाहीतर लेथवाल्याकडून बूश करून घ्यायचं.

आता हीच वेळ देशाच्या हवाई दलावर आली तर? विमान ४० वर्षं जुनं. ते बनवणारा कारखाना परदेशात आणि तिथं त्याचं उत्पादन कधीच थांबलेलं. हवा असलेला भाग तळहातावर मावेल एवढा, पण तो नाही म्हणून अख्खं लढाऊ विमान जमिनीवर उभं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानाला निरोप दिला गेला, तेव्हा टीव्हीवर बातमी पाहून आलेल्या मुलांचा प्रश्न अगदी साधा होता: "गुरुजी, १९६३ सालचं विमान २०२५ पर्यंत चालवलं कसं? त्याचे पार्ट कुठून आणले?" प्रश्न साधा असला तरी उत्तर एका वाक्यात मावणारं नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. १९६३ साली आलेलं तेच विमान ६२ वर्षं उडत नव्हतं. मिग-२१ हा प्रकार एवढी वर्षं सेवेत होता. पहिली विमानं सोव्हिएत रशियातून आली. नंतर ती भारतात बनू लागली, आणि ती बनली आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझरला. हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएलचा हा कारखाना १९६४ साली मिगसाठीच उभारला गेला. कामाची वाटणी कशी होती बघा: विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. सहाशेच्या वर मिग-२१ भारतात तयार झाली. पुढं मिग-२७ सुद्धा ओझरलाच बनलं. ओझरलाच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. तिथं लढाऊ विमान पूर्ण खोलून, प्रत्येक भाग तपासून पुन्हा जोडलं जातं. याला ओव्हरहॉल म्हणतात. आपल्याकडं इंजिन 'खोललं' म्हणतात ना, तसंच, फक्त इथं प्रत्येक नट-बोल्टची नोंद ठेवावी लागते.

तुम्ही म्हणाल, विमान आपल्याच कारखान्यात बनत होतं, मग पार्टची अडचण का? इथंच खरी मेख आहे. सांगाडा आपण बनवत होतो, पण त्यात बसणारे कितीतरी छोटे भाग, विशिष्ट मिश्रधातू, रबरी सील, पंप, व्हॉल्व्ह, मोजमाप दाखवणारी यंत्रं हे सगळं सोव्हिएत संघातून येत होतं. आणि सोव्हिएत संघ १९९१ साली फुटला. एका देशाचे १५ देश झाले. कालपर्यंत मॉस्कोला एक पत्र पाठवलं की काम व्हायचं. आता एक कारखाना रशियात, दुसरा युक्रेनमध्ये, तिसरा जॉर्जियात. कुणाचं चलन वेगळं, कुणाचे कायदे वेगळे. काही कारखान्यांनी तर पोटापाण्यासाठी दुसराच माल काढायला सुरुवात केली. मधल्या काळात दलाल उभे राहिले. आपल्याकडं म्हणतात ना, अडला हरी गाढवाचे पाय धरी. गरज असणाऱ्याला भाव करता येत नाही.

पार्ट 'बंद' होतो म्हणजे नेमकं काय होतं?

कारखाना बंद पडणं हे एकच कारण नाही. एखादा भाग बनवायला साचा लागतो, खास यंत्र लागतं, ड्रॉइंग लागतं आणि ते काम येणारा कारागीर लागतो. उत्पादन थांबलं की साचे गोदामात जातात किंवा भंगारात. कारागीर निवृत्त होतात. कागद राहतो, पण कागदावर सगळं लिहिलेलं नसतं. धातू किती तापवायचा हे लिहिलेलं असेल. तापलेल्या धातूचा रंग कसा दिसला की थांबायचं, हे त्या माणसाच्या डोळ्यात असतं.

दुसरं कारण पैशाचं आहे. समजा, हवाई दलाला एका जुन्या विमानासाठी वर्षाला ४० बूश पाहिजेत. कारखान्याला यंत्र लावायचा, साचा करायचा, तपासणी करायचा खर्च ४० नगांनाही तोच आणि ४,००० नगांनाही जवळजवळ तोच. कोण घेईल असं काम? घेतलंच तर एका नगाची किंमत ऐकून आपल्याला घेरी येईल. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा तुकड्याला एवढे पैसे कसे? कधी त्यात लबाडी असते हेही खरं, पण प्रत्येक वेळी नसते.

इलेक्ट्रॉनिक भागांचं तर विचारूच नका. मोबाईलचं मॉडेल दोन वर्षांत जुनं होतं आणि विमान वापरायचं असतं ४० वर्षं. ज्या चिपवर विमानाचं उपकरण चालतं, ती चिप बाजारातून गेलेली असते. हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेची नासा संस्था २००२ साली अंतराळयानाच्या तपासणी यंत्रासाठी ८०८६ ही जुनी चिप इंटरनेटवरच्या लिलावात शोधत होती. आणि अमेरिकेच्या अण्वस्त्र यंत्रणेत ८ इंची फ्लॉपी डिस्क २०१९ पर्यंत वापरात होती. आमच्या वर्गातल्या मुलांना साडेतीन इंची फ्लॉपीसुद्धा माहीत नाही.

मग पार्ट आणतात कुठून?

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे आधीच साठवून ठेवणं. कारखाना उत्पादन थांबवणार असं कळलं की पुढच्या १५-२० वर्षांचा माल एकदम घेऊन ठेवायचा. पुण्याजवळ खडकीला रणगाडे आणि त्यांच्या सुट्या भागांचा लष्कराचा मोठा डेपो आहे, तो अशाच साठवणुकीसाठी. पण साठवणुकीलाही मर्यादा आहेत. किती लागतील याचा अंदाज चुकतो. शिवाय लोखंड टिकतं, रबर टिकत नाही. ऑइल सील किंवा ओ-रिंग वापरली नाही तरी म्हातारी होते, कडक होते, तिला चिरा पडतात. त्यामुळं सीलबंद पाकिटातला 'नवा' पार्टसुद्धा मुदत संपली की फेकावा लागतो. रबराच्या एका कड्यानं काय होऊ शकतं, हे जगानं २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिलं. चॅलेंजर अंतराळयानाची ओ-रिंग थंडीनं ताठरली, गरम वायू बाहेर आला आणि सात अंतराळवीर गेले. तिथली ओ-रिंग जुनी नव्हती, थंडीनं कडक झाली होती, हा फरक मुलांना जरूर सांगा. पण रबर कडक झालं की काय होतं, ते समजायला हे उदाहरण पुरेसं आहे.

दुसरा मार्ग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. एका बंद यंत्राचं काढून दुसऱ्या चालू यंत्राला लावायचं. हवाई दलात हे रोज होत असेल असं समजू नका, पण होतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जग्वार विमान. ब्रिटन आणि फ्रान्सनं मिळून बनवलेलं हे विमान भारतात १९७९ साली आलं. आपण त्याला 'शमशेर' नाव दिलं. फ्रान्सनं ते २००५ साली आणि ब्रिटननं २००७ साली सेवेतून काढलं. ओमाननंही नंतर काढलं. भारत मात्र ते वापरत राहिला. मग पार्ट कोण बनवणार? तेव्हा २०१८ च्या सुमारास भारतानं फ्रान्सकडून निवृत्त जग्वारचे ३१ सांगाडे मिळवले, ओमानकडूनही दोन घेतले. हे सांगाडे उडवायला नव्हते, खोलायला होते. त्यातून जे चांगलं निघेल ते तपासून आपल्या विमानांना. आपल्या गावात एकजण तीन जुन्या राजदूत गाड्यांमधून एक चालू गाडी करतो, तसंच म्हणा ना!

अमेरिकेनं तर यासाठी वाळवंटात मैदानच राखून ठेवलंय. ॲरिझोना राज्यात टक्सन शहराजवळ हजारो निवृत्त विमानं ओळीनं उभी आहेत. तिथली हवा आपल्या मे महिन्यासारखी कोरडी, म्हणून धातू लवकर गंजत नाही. हवा तो भाग तिथून काढून नेतात. पण त्याच अमेरिकेनं २००७ साली आपली निवृत्त एफ-१४ विमानं यंत्रात घालून तुकडे तुकडे केली. कारण? जगात ती विमानं वापरणारा दुसरा देश एकच होता, इराण. आपल्या भंगारातून त्याला पार्ट मिळू नयेत म्हणून भंगाराचाही चुरा केला.

दर वेळी सौदा जमतोच असं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात, दाभोळीच्या नौदल तळावर सी हॅरियर विमानं होती. आयएनएस विराट या विमानवाहू जहाजावरून ती उडायची. ब्रिटननं आपली सी हॅरियर २००६ साली निवृत्त केली. त्यातली आठपर्यंत विमानं घ्यावीत असा भारताचा विचार होता. पण ब्रिटन त्यातला रडार काढून घेऊन देणार होता, आणि ती दुरुस्त करून घ्यायचा खर्चही मोठा होता. बैल घ्यायचा आणि शिंगं-खूर सोडून द्यायचे, असा व्यवहार! तो काही झाला नाही. पुढं आहे त्या विमानांवर काम भागवत मे २०१६ मध्ये सी हॅरियरला निरोप दिला गेला आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईत विराटलाही.

लेथवर बूश काढून घेता येत नाही का?

हा प्रश्न आठवीच्या मुलांनी विचारला तर त्यांना शाबासकी द्या. कारण तिसरा मार्ग हाच आहे. जुना भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि तसाच नवा करायचा. यात लांबी-रुंदी मोजणं सोपं. मायक्रोमीटरनं मिलिमीटरचा शंभरावा हिस्साही मोजता येतो. अवघड असतं ते न दिसणारं. धातू कोणता? त्यात निकेल किती, क्रोमियम किती? तो किती अंशांवर तापवून कशात बुडवून थंड केला? वरचा थर किती कडक आणि आतला किती मऊ? दोन बूश शेजारी ठेवले तर डोळ्याला एकसारखे दिसतील, मापही एकसारखं येईल. पण एक १,००० तास चालेल आणि दुसरा ५० तासांत तडकेल.

शेतातल्या इंजिनाचा बूश तडकला तर दुपार वाया जाते. हवेत, आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जाणाऱ्या विमानात तो तडकला तर वैमानिकाच्या हातात काही सेकंद असतात. एप्रिल २०१२ पर्यंतचा हिशोब तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिला होता. ४० वर्षांत ४८२ मिग विमानं अपघातात गेली, १७१ वैमानिकांचा जीव गेला, ३९ सामान्य नागरिकही गेले. हे सगळे अपघात पार्टमुळं झाले असं मुळीच नाही. मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड अशी दोन्ही कारणं सरकारनं सांगितली होती. 'रंग दे बसंती' हा २००६ चा सिनेमा पाहून अनेकांना वाटतं की सगळा दोष निकृष्ट पार्टचाच. सिनेमा सिनेमाच्या जागी. पण त्या १७१ जणांच्या घरी काय झालं असेल याचा विचार केला, की एका लहानशा भागाच्या तपासणीला महिने का लागतात हे आपोआप कळतं.

म्हणून नवा बनवलेला भाग थेट विमानाला लावत नाहीत. आधी प्रयोगशाळेत धातू तपासायचा. मग तो भाग ताण, उष्णता, थंडी, हादरे यांत घालून बघायचा. मग तासन् तास चालवून बघायचा. विमानात वापरायच्या वस्तू उड्डाणाला योग्य आहेत का, याची मान्यता देण्याचं काम बेंगळुरूची सेमिलॅक ही संस्था करते. पार्ट बसतो, चालतोही. पण तो टिकेल हे कागदावर सिद्ध झालेलं नसेल तर तो पार्ट नाहीच, असं इथं समजतात.

याच कारणानं बाजारातून मिळेल तिथून घेणं धोक्याचं. नकली माल आपल्याला माहीत आहेच. ऑइल सीलच्या डबीवर कंपनीचं नाव हुबेहूब असतं. जुन्या चिप तर टाकाऊ कॉम्प्युटरमधून उपसून, वरचा छापा घासून, नवा छापा मारून विकल्या जातात. अमेरिकी सिनेटच्या समितीनं २०१२ साली चौकशी करून सांगितलं की त्यांच्या लष्करी सामानात संशयित नकली इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १,८०० प्रकरणं सापडली. नग मोजले तर १० लाखांच्या वर! एवढ्या श्रीमंत देशाची ही गत.

पार्ट देणाऱ्याच्या हातात दोरी

आता थोडं इतिहासाकडं वळू, कारण ही गोष्ट फक्त तंत्राची नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं आणि अमेरिकेनं दोन्ही देशांना शस्त्रं आणि सुटे भाग देणं थांबवलं. आपल्याला फटका बसला, पण पाकिस्तानला जास्त बसला. त्यांचे पॅटन रणगाडे आणि सेबर विमानं अमेरिकी बनावटीची. मग पाकिस्ताननं काय केलं? १९६६ साली पश्चिम जर्मनीतली जुनी ९० सेबर विमानं इराणच्या नावावर खरेदी करून मागच्या दारानं आपल्याकडं आणली. (अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पकडलेला पॅटन ठेवलेला आहे. सहल त्या बाजूला गेली तर मुलांना नक्की दाखवा.)

आपल्यावरही अशी वेळ आली. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेनं निर्बंध घातले. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टर होती ब्रिटिश कंपनीची, पण त्यात काही भाग अमेरिकी. ते भाग अडले आणि हेलिकॉप्टर जमिनीवर बसली. विकणारा ब्रिटन, अडवणारा अमेरिका, आणि बसून राहिलं आपलं नौदल. मला या सगळ्या विषयात हे उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं.

असाच पेच आजही आहे. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस दिल्लीसारख्या विनाशिका ज्या गॅस टर्बाईनवर चालतात, ती टर्बाईन युक्रेनच्या मिकोलाईव्ह शहरातल्या कारखान्याची. आपली एएन-३२ मालवाहू विमानंही मूळ युक्रेनच्या कंपनीची. आणि त्याच युक्रेनवर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं हल्ला केला. म्हणजे आपले दोन जुने पुरवठादार एकमेकांशी लढतायत आणि आपल्याला दोघांचेही पार्ट पाहिजेत.

त्यामुळं आता भर देशातच बनवण्यावर आहे. संरक्षण खात्यानं ऑगस्ट २०२० मध्ये 'सृजन' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. बाहेरून आणाव्या लागणाऱ्या वस्तूंची यादी त्यावर असते, आणि आपल्याकडचा कारखानदार म्हणू शकतो की हा भाग मी करून बघतो. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारी संरक्षण कंपन्यांसाठी २,८५१ वस्तूंची यादी जाहीर झाली. त्यातल्या २,५०० देशात बनू लागल्या होत्या आणि ३५१ टप्प्याटप्प्यानं बनवायच्या होत्या. ही संख्या मोठी वाटते, पण एका लढाऊ विमानातच हजारो वेगवेगळे भाग असतात हे लक्षात ठेवलं पाहिजे. ओझरच्या कारखान्यात आता भारतीय बनावटीचं तेजस तयार होतंय. तिथं बनलेलं पहिलं तेजस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडालं. त्याचं इंजिन मात्र अजून अमेरिकी कंपनीचंच आहे.

एक गोष्ट पालकांसाठी. आपल्याकडं पहाटे रस्त्यावर सैन्यभरतीसाठी धावणारी पोरं खूप दिसतात. पण आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट शिकणाऱ्या पोरालाही याच क्षेत्रात जागा आहे. ओझरला एचएएलमध्ये आयटीआय झालेल्यांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात. लष्करात तर यंत्रं दुरुस्त करणारं ईएमई हे स्वतंत्र दलच आहे. पोरगं धावण्यात थोडं कमी पडलं तरी त्याचा हात लेथवर बसलेला असेल, तर इकडंही चौकशी करा.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता सहावी ते आठवी):

घरातली किंवा शेतातली एक बंद पडलेली वस्तू निवडा. शिलाई मशीन, पंखा, फवारणी पंप, काहीही. तिचा कोणता भाग गेलाय ते मोठ्यांना विचारून शोधा. तो भाग वहीत काढा आणि पट्टीनं मोजून मापं लिहा. मग बाजाराच्या दिवशी दोन दुकानांत चौकशी करून पुढील प्रश्नांची उत्तरं लिहून आणा.

१. हा भाग आज नवा मिळतो का? मिळत असेल तर मूळ कंपनीचा की दुसऱ्या कंपनीचा? किंमत किती?
२. मिळत नसेल तर दुकानदारानं कोणता उपाय सुचवला?
३. तोच भाग लेथवर करून घेतला तर किती दिवस टिकेल, असं कारागीर म्हणतो? हे तो कशावरून सांगतो?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कारागिराच्या स्वतःच्या शब्दांत लिहा.